नौका कोणाच्या पाण्यावर?

नाग नदीतून नौकाविहार ही कल्पना नागपुरात बराच काळ चेष्टेचा विषय होती. निवडणुकीच्या मोसमात तिची आठवण निघे, महालातल्या पानठेल्यांवर तिच्यावर दोन-चार कोट्या होत आणि मतमोजणी आटोपली की ती पुढच्या निवडणुकीपर्यंत बासनात जाई. आता ती तशी उडवून लावता येत नाही. नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे दोन हजार कोटी रुपयांचा प्रकल्प राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली मान्य झाला आहे. खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राने, पंचवीस टक्के राज्याने आणि पंधरा टक्के महानगरपालिकेने उचलावयाचा, अशी त्याची विभागणी ठरली. एवढी रक्कम ज्या कामी लागावयाची, त्याच्या फलश्रुतीचे चित्र लोकांपुढे नौकेच्या रूपाने रंगविले जात असेल, तर त्या चित्राची थट्टा करून भागणार नाही. ते गंभीरपणे तपासलेच पाहिजे.

चित्र मोहक आहे, यात शंका नाही. अंबाझरीच्या बाजूने निघावे, सीताबर्डी मागे टाकावी, महालाच्या दक्षिणेकडून सावकाश पुढे सरकावे, काठावर झाडी असावी, पायऱ्या असाव्यात आणि पाण्यातून जाणाऱ्याला तीन शतकांचे शहर काठाकाठाने उलगडत जावे, अशी सहल कोणाला नको असेल? आणि महालाला या नदीचे अगत्य असावे, यालाही इतिहासाचा आधार आहे. गोंड राजा बख्तबुलंद शहाने १७०२ मध्ये राजापूर बारसा नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्यावस्त्या एकत्र करून जे नगर वसविले, त्याला नाव या नदीचेच मिळाले. त्याचा वारस चांद सुलतान याने नगराला तट बांधला आणि पाण्यासाठी ओहोळ अडवून जुम्मा तलाव निर्माण केला. तोच पुढे शुक्रवारी तलाव झाला आणि आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो. त्या तटाच्या जुम्मा दरवाजाला आता गांधी गेट म्हणतात. अठराव्या शतकाच्या मध्याला रघूजी भोसल्यांनी येथे राजधानी आणली, वाडे उठले, पेठा वसल्या आणि भोसल्यांच्या राजवाड्यांवरून या वस्तीला महाल हे नाव पडले. दरवाजे, तलाव आणि नदी ही या जुन्या नगराची तीन अंगे. पहिले दोन कसेबसे टिकले. तिसऱ्याकडे नगराने पाठ फिरविली आणि नंतर नाक मुरडले.

परंतु नौका चित्रावर चालत नाही, पाण्यावर चालते. तेव्हा पहिला प्रश्न, आणि खरे पाहता एकमेव प्रश्न, पाण्याचा आहे. नागपूरच्या पश्चिमेला लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावणारी, शहरातून सुमारे सतरा किलोमीटर वाहणारी नाग ही निसर्गतः पावसाळी नदी आहे. तिला बर्फाचा आधार नाही, मोठे पाणलोट क्षेत्र नाही, आणि वरच्या बाजूला अंबाझरी तलावाची भिंत १८७० पासून उभी आहे. पावसाळा सरला, हिवाळ्यातील पाझर आटले की मार्च महिन्यात तिच्या पात्रात स्वतःचे म्हणावे असे पाणी उरण्याचे कारण नाही. तरीही ती भर उन्हाळ्यात वाहते. का वाहते, याचे उत्तर शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. शहर वापरून टाकून देते ते पाणी तिच्यातून जाते.

ते पाणी येते कोठून? नागपूरच्या नळाला येणारे बहुतेक पाणी पेंच प्रकल्पाचे. नवेगाव खैरीच्या धरणातून उजव्या कालव्याने ते अनेक वर्षे शहराकडे येत राहिले. उघड्या कालव्यात होणारी गळती आणि नासाडी टाळण्यासाठी पुढे मोठी जलवाहिनी टाकण्यात आली. या प्रकल्पातून शहरासाठी वर्षाला १९० दशलक्ष घनमीटर पाणी राखून ठेवलेले आहे, म्हणजे दिवसाला सुमारे ५२० दशलक्ष लिटर. कन्हान नदीवरून येणारे पाणी याखेरीज. घरात आलेल्या पाण्याचा पाचांतला चार वाटे तरी भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो, हा सर्वसाधारण हिशेब धरला तर या शहराचे सांडपाणी रोजचे पाचशे दशलक्ष लिटरांच्या घरात जाते. उन्हाळ्यातील नाग नदी ही अशा रीतीने पेंचच्या पाण्याचीच उतरती कळा आहे. सातपुड्यात पडलेला पाऊस, पारशिवनी-रामटेक-मौद्याच्या शेतकऱ्यांनी ज्याच्यावर डोळा ठेवावा असे ते पाणी, महालातल्या मोरीतून नदीत उतरते.

येथे एक विचित्र पेच उभा राहतो. नदी स्वच्छ करावयाची म्हणजे तिच्यात शिरणारे नाले अडवावयाचे, घरोघरचे सांडपाणी वाहिन्यांतून शुद्धीकरण केंद्राकडे न्यावयाचे. काम उत्तम झाले, एक थेंबही घाण पाणी नदीत पडले नाही, असे समजा. मग एप्रिल-मे महिन्यांत नदीत राहील काय? वाळू आणि दगड. नदी जितकी स्वच्छ, तितकी ती कोरडी! शुद्ध केलेले पाणी परत नदीत सोडू, असे यावर उत्तर दिले जाईल आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे. पण ते शुद्ध केलेले पाणी मोकळे पडलेले नाही. त्याला गिऱ्हाईक आहे.

भांडेवाडी येथे १३० आणि २०० दशलक्ष लिटर क्षमतेची दोन मोठी केंद्रे चालतात आणि तेथे शुद्ध झालेले पाणी कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांकडे जाते. या व्यवस्थेला नावे ठेवण्याचे कारण नाही. देशात फार थोड्या शहरांनी असा शहाणपणा दाखविला आहे. वीज केंद्राने वापरलेले पाणी वापरावे आणि धरणातले ताजे पाणी माणसांसाठी, शेतीसाठी सोडावे, हे तत्त्व उत्तम आहे. वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराईचे धरण झाल्यापासून तोतलाडोहला येणारा ओघ घटला. २०१९ च्या जुलैत नागपूरसारख्या शहरावर एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. अशा काळात प्रत्येक लिटर दोनदा वापरणे हीच नीती. परंतु याच लिटरावर वीजही निर्माण व्हावी आणि याच लिटरावर नौकाही तरंगावी, हे घडणे शक्य नाही. नदीच्या प्रकल्पाची चर्चा करणारे वीज केंद्राच्या कराराचा उल्लेख करीत नाहीत आणि कराराचे कौतुक करणारे नदीचे नाव घेत नाहीत. दोन्ही फायली एकाच महानगरपालिकेच्या इमारतीत असाव्यात, हे विशेष.

हिशेब कठीण नाही. सतरा किलोमीटरचे पात्र सरासरी वीस मीटर रुंद आणि एक मीटर खोल भरून ठेवावयाचे म्हटले तर ३४० दशलक्ष लिटर पाणी एकदा लागेल. ही रक्कम भीतीदायक नाही. वैशाखातल्या उन्हात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडून गेले तरी तूट तीन-साडेतीन दशलक्ष लिटरांची, तीही सोसवेल. अडचण वेगळी आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी कितीही निर्मळ दिसले तरी त्यात शेवाळाला पोसणारी द्रव्ये उरतात. ते विदर्भाच्या उन्हात साचून राहिले तर आठवड्याभरात हिरवे पडते आणि दुर्गंधी पुन्हा हजर होते. म्हणून ते बदलत राहिले पाहिजे. आठवड्यातून दोनदा बदलावयाचे ठरविले तर रोज सुमारे शंभर दशलक्ष लिटर पाणी केवळ या कामी लागेल. शिवाय नदीला उतार आहे, ती तळ्यासारखी सपाट नाही. पाणी मीटरभर राखावयाचे तर जागोजाग बंधारे हवेत, आणि बंधाऱ्यावरून नौका पलीकडे जावयाची तर प्रत्येक ठिकाणी दुहेरी दरवाजांची व्यवस्था हवी. एरवी 'सतरा किलोमीटरचा नौकाविहार' म्हणजे दोन बंधाऱ्यांमध्ये येरझारा, एवढाच अर्थ उरेल.

पाण्याच्या वाटेने नागपूरला जोडण्याचा मोह नवा नाही. एकोणिसाव्या शतकात गोदावरीच्या खोऱ्यात मोठी कामे करणाऱ्या आर्थर कॉटन यांच्या डोक्यात वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने मध्य प्रांताचा कापूस नौकांतून पूर्व किनाऱ्यावर नेण्याची योजना होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते. ते चुकविण्यासाठी दुमुगुडेम येथे बंधारा आणि कालवा यांची कामे निघाली, त्यांवर मोठा पैसा ओतला गेला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली आगगाडी नागपुरास येऊन थडकली आणि चार वर्षांत, १८७१ मध्ये, जलमार्गाचे काम सोडून देण्यात आले. रेल्वेने त्याचा घास घेतला हे खरे, पण केवळ रेल्वेने नव्हे. वर्षातले कित्येक महिने नौकेला पुरेसे पाणीच ज्या नद्यांत नसते, त्यांच्यावर व्यापार उभा राहणार तरी कसा? तरीही २०१६ च्या कायद्याने देशात जे १११ राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले, त्यांत वैनगंगा-प्राणहितेचाही समावेश झाला. कागदावर नदी बारमाही असते.

विलायतेतल्या कालव्यांतून संथ नौकाविहार करून आलेली मंडळी तेथील शांततेचे मोठे वर्णन करतात. ते कालवे सहलीसाठी खणलेले नव्हते. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरचा कालवा खुला झाला तो मँचेस्टरला कोळसा नेण्यासाठी. रेल्वेने त्यांचा धंदा बुडविला, अनेक कालवे गाळाने भरले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर स्वयंसेवकांनी चिकाटीने ते उपसून काढले, तेव्हा कोठे सहली सुरू झाल्या. उंचावरच्या टप्प्यांना पाणी पुरविण्यासाठी तेथे मुद्दाम तलाव बांधलेले आहेत. ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांतले पाणीही आठवड्यातून अनेकदा बदलावे लागते, आणि तेथे पाण्याला तोटा नाही, उलट ते बाहेर कसे ठेवावे ही चिंता. निवांत दिसणाऱ्या त्या सहलीच्या मागे पाण्याचा जमाखर्च मांडणारा कोणी तरी अहोरात्र बसलेला असतो.

घरचे उदाहरण म्हणून साबरमतीचे नाव हमखास घेतले जाते. अहमदाबादचा नदीकाठ २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि तेथे नौका चालतात, हे खरे आहे. पण त्या नौकांखालचे पाणी साबरमतीचे नाही. शहराच्या खालच्या अंगाला वासणा येथे १९७६ पासून बंधारा आहे आणि त्याच्या वर जो विस्तीर्ण जलाशय दिसतो तो नर्मदेच्या मुख्य कालव्यातून सोडलेल्या पाण्यावर भरलेला असतो. बंधाऱ्याच्या खाली गेले की दृश्य पालटते. तेथे सांडपाणी आणि कारखान्यांचे विसर्ग यांनी नदी काळवंडली आहे, इतकी की २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाला स्वतः होऊन त्याची दखल घ्यावी लागली. शहरापुरते निळे आणि शहराबाहेर काळे, अशी ही विभागणी आहे. नागपूरला नर्मदा नाही. असती तरी हे अनुकरण करण्याजोगे ठरले नसते.

पुराचा विचार तर याहून तातडीचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीने काठच्या वस्त्यांत प्रवेश केला. लोक झोपेत होते. माणसे दगावली, हजारो घरांत चिखल भरला, सीताबर्डीच्या दुकानांतला माल पाण्यात गेला. नदीच्या पात्रात काय काय उभे केले गेले आहे, याची चौकशी त्यानंतर सुरू झाली आणि अंबाझरीच्या सांडव्यासमोरील स्मारकाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. ज्या नदीला वर्षातले दहा-पंधरा तास मोकळी वाट हवी असते आणि ती न मिळाल्यास जी शहरातून वाट काढते, तिच्या पात्रात नौकेसाठी बंधारे, धक्के आणि उपाहारगृहे उभारावयाची, हा सौंदर्यदृष्टीचा नव्हे तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे. दरवाजांचे बंधारे पावसाळ्याआधी उघडता येतात, असे अभियंते सांगतील. ते उघडले गेले नाहीत तर काय होते, याचे दाखले देण्यासाठी नागपूरच्या बाहेर जावे लागत नाही.

मग महालवासीयांनी नौकाविहाराची हौस सोडून द्यावी काय? मुळीच नाही. ती हौस भागविण्याची जागा तीनशे वर्षांपासून त्यांच्या दाराशी आहे. गांधीसागर हा दगडी भिंतींनी बांधलेला आयताकृती तलाव आहे. त्यात नौका चालू शकते आणि चाललेलीही आहे. त्याला बंधारा नको, नवे पात्र नको. त्याला हवे ते इतकेच की भोवतालच्या पेठांतले सांडपाणी त्यात शिरू नये, उत्सवानंतरचे निर्माल्य आणि मूर्ती त्यात पडू नयेत, गाळ वेळेवर निघावा. हे काम झगमगाटाचे नाही. तलावाच्या काठी दिवे लावणे आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या उभ्या करणे त्याहून सोपे असते, म्हणून ते आधी होते. तेलंगखेडीच्या फुटाळ्यावर प्रकाश आणि कारंजी यांवर झालेला खर्च नागपूरकरांनी पाहिला आहे. त्यातला दहावा हिस्सा आणि त्यातली निम्मी तत्परता गांधीसागराच्या पाण्याला मिळाली असती तर शनिवार-रविवारी संध्याकाळी महालातल्या मुलांना नौकेत बसण्यासाठी दोन हजार कोटींची वाट पाहावी लागली नसती.

नदीकडून मात्र वेगळी अपेक्षा केली पाहिजे, आणि ती अधिक मोठी आहे. तिच्या काठाने चालत जाता यावे, मोक्षधामाच्या घाटावर आलेल्या माणसाला नाकाला रुमाल लावावा लागू नये, तिच्यात पाऊलभर का होईना पण वाहते आणि स्वच्छ पाणी बारा महिने असावे. यासाठी मीटरभर खोली लागत नाही. शुद्ध केलेल्या पाण्याचा एक वाटा नदीसाठी कायमचा राखून ठेवला, वीज केंद्रांना देण्याच्या करारांत तो वाटा आधी वजा केला आणि तसा ठराव सभागृहात उघडपणे मंजूर करून घेतला, तर हे साध्य होण्याजोगे आहे. तो वाटा किती असावा, यावर वाद जरूर व्हावा. दहा टक्के की वीस, उन्हाळ्यात किती, हिवाळ्यात किती, वीज केंद्राची तूट कशी भरावी, हे सारे प्रश्न चर्चेचे आहेत. आज ती चर्चाच नाही. प्रकल्पाच्या बातम्यांत रक्कम असते, मुदत असते, वाहिन्यांची लांबी असते. नदीत शेवटी पाणी किती राहणार, हा आकडा त्यांत सापडत नाही.

आणि हे पाणी शहराबाहेर पडल्यावर कोणाचे होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. नाग पुढे पिवळी नदीला मिळते, मग कन्हानला, आणि कन्हान वैनगंगेला. त्या संगमापाशी, कुही तालुक्यात, आंभोरा आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' येथेच रचला, अशी विदर्भाची परंपरागत श्रद्धा आहे. अंबाजोगाईचा दावाही तितकाच जुना आहे, तो वाद येथे नको. १९८८ मध्ये भूमिपूजन झालेल्या गोसीखुर्द धरणाचे पाणी आता आंभोऱ्यापर्यंत पसरले आहे. तेथे दिमाखदार केबल पूल झाला आहे, जलपर्यटनाच्या योजना आखल्या जात आहेत आणि नौकेला लागणारी खोली निसर्गाने नव्हे तरी धरणाने बारमाही पुरविली आहे. नागपूरकराला खरा नौकाविहार करावयाचा असेल तर तो येथे होऊ शकतो. अडचण एवढीच की नागपूर जे पाणी सोडते तेही येथेच येऊन थांबते. नदी पूर्वी वाहत होती तेव्हा घाण पुढे जाई. आता धरणाच्या भिंतीने ती अडून राहते. भंडाऱ्याच्या नळाला येणारे वैनगंगेचे पाणी नागपूरच्या घाणीने बिघडते, ही तक्रार त्या शहराने वर्षानुवर्षे केली आहे, आणि काठावरच्या ढिवरांच्या जाळ्यांना काय लागते आणि काय लागत नाही, हे तेच जाणतात. ज्या प्रकल्पावर दोन हजार कोटी खर्च व्हावयाचे, त्याची पाहणी करणाऱ्या समितीने महालातल्या पुलावर उभे राहून छायाचित्र घेण्यापेक्षा एप्रिल महिन्यात आंभोऱ्याच्या पाण्याचा नमुना घ्यावा आणि तो अहवाल दरवर्षी भंडाऱ्याच्या नगरपरिषदेकडे पाठवावा.